ह्यो डाग माझा न्हाई

हळद शिजायला लागली की कुरुंद्यात कुणी कुणाला सांगत नाही. सकाळी दार उघडलं की कळतं. ओल्या मातीचा, कडू औषधाचा आणि उकडलेल्या रताळ्याचा मिळून एक वास शिवारातून गावात शिरतो आणि महिना-दीड महिना हलत नाही. ज्यांनी फक्त लग्नातली हळद हुंगली आहे त्यांना हा वास ओळखू यायचा नाही. तो केसांत बसतो, उशीत बसतो, धुतलेल्या कपांतही बसतो. लहानपणी मला तो आवडायचा. परीक्षा जवळ आली, आंबे धरले, असं बरंच काही तो सांगायचा. यंदा तो आला तेव्हा मी उठून खिडकी लावून घेतली. वास थांबला नाही. तो खिडकीतून येतच नव्हता, मागच्या हंगामातून येत होता.

आमचं घर पत्रकांचं. माझे बाबा शेतमजुरांच्या संघटनेत होते. संघटना होती तोवर होते आणि ती विरून गेल्यावरही काही वर्षं एकटेच होते. फळीवर देवांपेक्षा गठ्ठे जास्त. गुलाबी, पिवळा, पोपटी, स्वस्तातला पातळ कागद, बोटाला शाई लावणारा. मी अक्षरं शिकले ती त्यावर. बरोबरीची पोरं ‘कमळ’, ‘बदक’ वाचायची तेव्हा मी ‘जाहीर निषेध’ वाचायचे. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठी शिवून माझ्या वह्या व्हायच्या, त्यामुळे माझ्या पाढ्यांच्या मागून कायम कुणाची तरी मागणी उमटलेली दिसायची. गावात मला अजून ‘पत्रकवाल्याची पोरगी’ म्हणतात. त्यात थोडी टिंगल असते, थोडा मान असतो. मी मान तेवढा उचलत आले.

बाबांचा एक नियम होता. ज्याच्याबद्दल पत्रक आहे त्याला ते छापण्याआधी वाचून दाखवायचं. त्याच्या दारात बसून, सावकाश. त्यानं ‘व्हय, असंच झालं’ म्हटलं तरच कागद वसमतच्या छापखान्यात जायचा. एकदा एका म्हाताऱ्यानं ‘मारलं’ हा शब्द काढायला लावला. म्हणाला, “मारलं न्हाई, ढकललं.” बाबांनी तिथंच खोडलं. मला राग आला. ‘ढकललं’मुळे पत्रकाचा सगळा जोर गेला, असं मी वाटेत म्हणाले. बाबा म्हणाले, “जोर आपल्याला पायजे, पोरी. त्याला बराबर पायजे.”

तेव्हा मी बारा वर्षांची होते. वाक्य लक्षात राहिलं. मागच्या हंगामात कळलं की लक्षात राहण्याचा काही उपयोग नसतो.

ज्यांनी हळदीचं काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. आता हळद कढईत शिजत नाही, कुकरवर शिजते. कुकर म्हणजे ट्रॅक्टरमागं ओढत आणायचं एक धूड. मधे पाण्याची टाकी, तिच्याखाली जाळ, भोवती लोखंडी ड्रम. टाकीतली वाफ नळीनं ड्रममध्ये जाते. बाया टोपल्यांनी ओले कंद आणून ड्रम भरतात, वरून झाकण लागतं, झाकणावर कडी. शिजलं की आधी वाफ बंद करायची, मग झाकण काढायचं, मग ड्रम उलटा करून हळद ताडपत्रीवर ओतायची. दिवसभर हेच. बाया साडीवरून पुरुषांचे जुने शर्ट घालतात. नवऱ्याचा, भावाचा, कधी मेलेल्या सासऱ्याचा. पूर्ण बाह्यांचा, कॉलर वर केलेला. त्या शर्टांवर हंगामभर पिवळं चढत जातं. कुणाचा शर्ट कुठं पिवळा होतो हे ती बाई काय काम करते यावर ठरतं. ही गोष्ट मला माहीत नव्हती. जिला माहीत होती तिनं नंतर सांगितली.

तिचं नाव कौसाबाई. मी तिला मावशी म्हणते. पन्नाशीची, बुटकी, बोलायला फटकळ. तिची धाकटी जाऊ रेखा. एक अंगण, दोन चुली, आणि हळदीवर जाणाऱ्या बायांच्या टोळीत दोघींची जोडी. एक भरायची, दुसरी ओतायची. चालताना सुद्धा एकीचं वाक्य दुसरी पुरं करायची. दोन हंगामांपूर्वी एका कुकरवर झाकणाची कडी तुटली. कुकरवाल्यानं तार गुंडाळली. कौसामावशी सकाळीच त्याला म्हणाली होती, “भाऊ, ही तार धरायची न्हाई.” तो म्हणाला, “तार तर समद्याच कुकरला असती, मावशे. तू भर.” दुपारी तार तुटली, झाकण उडालं. मावशीचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. रेखा पाठ करून उभी होती. तिची मान आणि एक कान भाजला.

दवाखान्यात मावशीच्या शर्टाची बाही कात्रीनं कापून काढावी लागली. दोघी तिथंच होत्या तेवढ्यात गावात गोष्ट तयार झाली. कुकरवाला सांगत सुटला की बाईनं घाई केली, वाफ बंद व्हायच्या आधी झाकण काढलं. रेखानं काही पाहिलं नव्हतं, तिची तर पाठ होती. आठ दिवसांनी ती घरी आली तेव्हा प्रत्येकजण तिला तेच सांगत होता. तिनं ते धरलं आणि जावेशी बोलणं टाकलं. टोळीनं मावशीला घेणं बंद केलं. “जिच्या हाताला धीर न्हाई तिच्या शेजारी कोण उभं राहील?” असं म्हणून.

भाजलेल्याचं मावशीला फारसं काही नव्हतं. “कातडं काय, येतं भरून,” म्हणायची. तिला फक्त एक हवं होतं. झाकण तिनं काढलं नाही, हे रेखाला कळायला हवं होतं. गावाचं तिनं सोडून दिलं होतं.

“रेखा धाव्वी शिकलेली हाय,” ती मला म्हणाली. “तोंडचं तिला पटत न्हाई. छापलेलं पटंल. तुझ्या बापासारखं येक पत्रक काढ की पोरी.”

एक पत्रक. अर्धा कागद. वसमतला जाऊन यायचा एक दिवस. तिनं मागितलं होतं ते एवढंच, आणि मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. “मावशी, पत्रक आता कोण वाचतं? आपण मोठ्या ठिकाणी लावू.”

कारण त्याच आठवड्यात मृणालचा फोन आला होता. मृणाल माझी कॉलेजची मैत्रीण, चित्रकला शिकलेली. नांदेडमध्ये कापड आणि मिश्र माध्यमांचं एक सामूहिक प्रदर्शन भरणार होतं, वीसेक कलाकारांचं. तिला जागा मिळाली होती आणि तिच्याकडे विषय नव्हता. माझ्याकडे विषय होता. फोनवर बोलता बोलता मला सगळं दिसलं. अकरा बायांचे अकरा शर्ट, दोरीवर ओळीनं, टोळी चालते त्या क्रमानं. मधोमध कापलेल्या बाहीचा आकाशी शर्ट. शेजारी मजकूर, माझा. कुकरवाल्याची तार, झाकण, मावशीचं नाव, सगळं. वाटलं, बाबांना आयुष्यभर जमलं नाही ते आपण एका भिंतीवर करू. गुलाबी कागद लोक घडी करून खिशात घालतात. भिंत कोण घडी करील?

मी तेव्हा फार गरम होते. अजूनही आहे, पण आता ती ऊब कुणाच्या कामाची नाही.

हे लिहिताना बाहेर ड्रम उलटा झाल्याचा आवाज आला. ओले दगड ओतल्यासारखा. त्यामागून बायांचं हसणं. हंगामात बाया फार हसतात. बाहेरच्या माणसाला वाटतं सुखानं. मागच्या वर्षी मीही एका वहीत ‘श्रमाचं हास्य’ असं काहीतरी लिहिलं होतं. खरं म्हणजे वाफेच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून त्या खुणा करतात, आणि खुणांनी केलेली चेष्टा बोलून केलेल्या चेष्टेपेक्षा वाईट असते.

शर्ट गोळा करायला मी गेले तो दिवस. आठवडाभर आधी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की कामावरचे शर्ट हवेत, आहेत तसे. बाया हसल्या होत्या. “पिवळी फडकी शहरात नेऊन काय करून राहिली? न्हाई म्हणजे, तिथं पोतेरं न्हाई का?” पण कबूल झाल्या. मी घरोघर गेले तर प्रत्येकीनं शर्ट घडी घालून पिशवीत ठेवलेला. धुतलेला. साबणानं धुतला की हळदीचा डाग आधी लाल होतो, मग उन्हात वाळताना उडत जातो. दहाच्या दहा शर्ट फिकट, साबणाचा वास मारणारे. एकीनं तर इस्त्री करून ठेवला होता. एकीनं तुटलेलं बटण लावलं होतं, वेगळ्या रंगाचं.

“आहे तसे सांगितलं होतं ना!” मी ओरडलेच.

“आगं, लोकांमदी जायचं हाय म्हणून सांगितलं का न्हाई तू?” इस्त्रीवाली म्हणाली. “मग मळकं देऊ व्हय? आमची काय इज्जत?”

आणि कौसामावशीनं बाही शिवली होती.

कापलेली बाही तिनं जपून ठेवली होती. ती तिनं शर्टाला परत जोडली होती, इतक्या बारीक टाक्यांनी की बोट फिरवलं तरच सांधा कळत होता. डाव्या हातानं. उजव्याची बोटं अजून नीट वळत नव्हती. माझ्या हातात तिनं तो शर्ट दिला आणि मी बोलणार एवढ्यात म्हणाली, “चार दिस लागले. कसा झालाय?”

माझा पुरावा तिनं शिवून टाकला होता. मला रडू आलं ते रागानं. ती समजली वेगळं. माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली, भाजलेला हात.

रेखानं शर्ट दिला नाही. अंगणात होती, सुपात धान्य पाखडत होती. मी विचारलं तर मान न वळवता म्हणाली, “माझा शर्ट कामाला लागतो.”

मृणालनं नांदेडला पिशव्या उघडल्या आणि कपाळाला हात लावला. मग ती दुकानातून हळदीची पाकिटं घेऊन आली, पातेल्यात उकळली आणि ब्रशनं शर्टांवर डाग दिले. छान दिले, ती शिकलेली आहे. पाठीवर पसरट, बाहीवर ओघळ. मी शेजारी उभी होते. मी, पत्रकवाल्याची पोरगी. म्हटलं, डाग खोटा असला तरी म्हणणं खरं आहे. असं म्हणता येतं. एकदा म्हटलं की पुढचंही म्हणता येतं.

प्रदर्शनाचं दालन पांढरं, थंड, आवाज घुमणारं. कुणी औषधांच्या रिकाम्या पाकिटांची साडी केली होती. कुणी निवडणुकीच्या फ्लेक्सची गोधडी, तिच्यात पुढाऱ्यांचे अर्धे अर्धे चेहरे. एकानं एक्स-रेच्या फिल्मवर जरीनं बरगड्या भरल्या होत्या. सगळं देखणं होतं आणि सगळं कशावर तरी चिडलेलं होतं. मला वाटलं होतं मी इथं एकटी चिडलेली असेन. इथं तर राग खिळ्यांना टांगला होता, खाली नावाची पट्टी लावून.

उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी आमच्या कामाशेजारी मजकूर लागला. माझा नव्हता. मी दोन पानं दिली होती. लागल्या होत्या चार ओळी: ‘वाफ. जुने शर्ट, हळद, दोरा. हळदीच्या हंगामात राबणाऱ्या अनामिक स्त्रियांच्या देहांवरून गेलेल्या ऋतूंची ही हळुवार नोंद. दुखऱ्या हातांनीही शिवत राहणाऱ्यांना.’

संयोजक भले गृहस्थ होते. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, “कुणावर आरोप असलेला मजकूर आपल्याला लावता येत नाही, जागा ज्यांची आहे त्यांना चालत नाही. आणि खरं सांगू? शर्ट स्वतःच बोलतात. शब्दांनी त्यांचं तोंड बंद होतं.”

भांडायला हवं होतं. शर्ट उतरवायला हवे होते. जन्मभर मी ज्या वाक्यांवर वाढले ती सगळी वाक्यं त्या क्षणासाठीच होती. पण चार ओळींच्या खाली पाचवी ओळ होती. ‘शब्द’ आणि पुढं माझं नाव. जाड, दुधी रंगाच्या कागदावर, शाई न सोडणारं. माझं नाव मी तोवर फक्त हजेरीपटावर पाहिलं होतं. मी ते दोनदा वाचलं. मग मी म्हणाले, “ठीक आहे.”

लोकांना आमचं काम फार आवडलं. सगळ्यात जास्त आवडली ती रिकामी जागा, रेखाच्या शर्टासाठी दोरीवर सोडलेली. एक बाई तिथं उभी राहून डोळे पुसत होती. शेजारची म्हणाली, “ती गेली असणार.” मी सांगितलं नाही की ती गेलेली नाही, ती कामावर आहे, आणि शर्ट तिनं घातला आहे.

तिसऱ्या दिवशी मी कौसामावशीला आणलं. तिचा हट्ट होता. तिला पाहायचं होतं आणि ऐकायचं होतं. नवी साडी, डोक्याला तेल, पिशवीत भाकरी आणि ठेचा. एसटीत खिडकीशी बसून ती वसमतपर्यंत प्रत्येक शेतातल्या कुकरची झाकणं बघत होती. दालनाच्या दाराशी तिनं चपला काढल्या. “घालून या आत, मावशी.” “न्हाई बाई, फरशी बघ कशी हाय.” मग तळव्यांनी पचपच आवाज करत आत आली.

दोरीसमोर उभी राहिली. हसली. “खुंटीला तर घरी बी टांगून ठिवतो आमी. हितं एवढी जागा दिली व्हय एकेकाला?” एकेक शर्ट ओळखत गेली, ह्यो हिच्या नवऱ्याचा, ह्यो तिच्या भावाचा, आन् ह्यो बघ इस्त्रीवालीचा. आकाशी शर्टापाशी आली तशी थांबली. जवळ गेली. नाक लावून वास घेतला.

“ह्यो डाग माझा न्हाई.”

“असं काय करता, शर्ट तुमचाच आहे.”

“शर्ट माझा. डाग माझा न्हाई. ह्ये पाठीवर कुठून आलं? माझा हितं व्हता.” तिनं छातीच्या उजव्या बाजूला हात ठेवला. “टोपलं टेकतं तिथं. पाठीवर डाग भरणारीला पडत न्हाई, ओतणारीला पडतो. ह्यो डाग रेखाच्या कामाचा हाय.”

मृणाल पलीकडं कुणाशी तरी बोलत होती. मावशीनं सांध्यावरून बोट फिरवलं, आपले टाके शाबूत आहेत का पाहिलं. मग पट्टीकडं वळली.

“आन् ह्ये लिव्हलंय ते? वाच.”

मी पट्टीसमोर उभी राहिले. कागदावर ‘अनामिक’ होतं, ‘हळुवार’ होतं. मी तोंड उघडलं आणि वाचायला लागले: “कुरुंद्याच्या कौसाबाईंनी सकाळीच सांगितलं होतं की झाकणाची कडी तुटली आहे. कडीच्या जागी तार होती. दुपारी तार तुटली. झाकण कौसाबाईंनी काढलेलं नाही.”

बोट अक्षरांवरून फिरवत वाचलं. ओळींचा मेळ राखला. आवाज चांगला लागला होता, सभेत लागतो तसा.

मावशी डोळे मिटून ऐकत होती. मग म्हणाली, “अजून येकदा.”

दुसऱ्यांदा वाचताना ‘सकाळीच’ राहून गेलं. तिनं डोळे उघडले.

“ह्या खेपेला जरा येगळं वाचलं तू.”

“तेच आहे, मावशी.”

“व्हय?” ती म्हणाली. “मंग ठीक.”

निघताना दाराशी बसलेल्या पोरीनं तिला प्रदर्शनाची घडीची पुस्तिका दिली. सगळ्यांनाच देत होती. मला ते दिसलं नाही. परतीच्या एसटीत, वसमत सोडल्यावर, मावशीनं ती पोलक्यातून काढली. घाम लागून मऊ झालेली. उघडून आकाशी शर्टाचं चित्र शोधलं आणि त्याखालच्या अक्षरांवर बोट ठेवलं.

“ह्याच्यात बी तेच हाय ना?”

गाडी रिकामी होती. बाहेर शेतांतून वाफा निघत होत्या, कुरुंदा अर्ध्या तासावर होतं. सांगायला अर्धा तास पुष्कळ होता. मी म्हणाले, “हो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं निरोप पाठवला, तू बी ये म्हणून. मी गेले. का गेले मला माहीत नाही. न जाणं याहून वाईट दिसलं असतं, एवढाच विचार होता. अंगणात टोळीतल्या चार-पाच जणी कामाला निघायच्या तयारीत. रेखा शर्टाची बटणं लावत होती. मावशीनं तिच्यासमोर पुस्तिका धरली. वर्षभरात पहिल्यांदा तिच्याशी बोलली.

“वाच. छापून आलंय. मोठ्यानं वाच, ह्यांना बी आयकू दे.”

रेखानं माझ्याकडं पाहिलं, कागदाकडं पाहिलं. घेतला. शाळा सुटून खूप वर्षं झालेली माणसं वाचतात तसं वाचलं, प्रत्येक शब्दाला थांबून. “वाफ. जुने शर्ट… हळद… दोरा. हळदीच्या हंगामात राबणाऱ्या… अनामिक… स्त्रियांच्या…”

“अनामिक मंजी?” मावशीनं विचारलं.

“नाव नसल्याली.”

“मंजी तूच की कौसे,” कुणीतरी म्हणालं, आणि बाया हसल्या.

“फुडं वाच.”

रेखानं पुढं वाचलं. ऋतू, हळुवार, दुखरे हात. मग माझं नाव वाचलं. मग कागद उलटा करून पाहिला.

“फुडं न्हाई, अक्का. संपलं.”

वर्षभरानं रेखाच्या तोंडून तिला ‘अक्का’ ऐकायला मिळालं ते या वाक्यात.

कौसामावशी माझ्याकडं बघत होती. तिनं शिवी दिली असती तर मी ती आयुष्यभर जपली असती. ती फक्त बघत होती, अंगणात नवखं माणूस आल्यावर बघतात तसं. मग पुस्तिका रेखाच्या हातातून काढून घेतली, नीट घडी घातली आणि घरात गेली. एक बाई जाता जाता म्हणाली, “स्वतःच सांगितलं आन् स्वतःच छापून आणलं, त्यात बी न्हाई निघालं.” आता झाकणाच्या गोष्टीला जोड मिळाली होती. घाई करणारी बाई खोटंही बोलते.

मी बाबांना सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, मग एकच विचारलं, “तिच्या म्होरं उभं राहून वाचलंस?” हो म्हटलं. फळीवरच्या गठ्ठ्यांकडं पाहत ते म्हणाले, “आमी समदीकडं हरलो. पण वाचून दाखवताना कधी खोटं वाचलं न्हाई.” त्यानंतर आम्ही या विषयावर बोललो नाही. त्यानंतर आम्ही फारसं कशावरच बोललेलो नाही.

यंदा हंगामाच्या आधी मी पत्रक काढलं. खरंखुरं, अर्ध्या कागदाचं, गुलाबी. आधी मावशीच्या दारात बसून वाचून दाखवलं. ती शेळीच्या करडाच्या गळ्यात दोरी बांधत होती. शेवटपर्यंत मान वर केली नाही. म्हणाली, “असंल. तू म्हणती तर असंल.” ‘व्हय, असंच झालं’ ती म्हणाली नाही, आणि मी तरीही वसमतला गेले. नियम तिथंही मोडला.

पत्रक घेऊन पहिली गेले ती रेखाकडं. तिनं उभ्या उभ्या सगळं वाचलं. मानेवरची कातडी अजून गुलाबी आहे, माझ्या कागदासारखीच. कागद परत माझ्या हातात दिला.

“अक्कानं सांगितलं असंल सकाळी. तार तुटली बी असंल,” ती म्हणाली. “पण तू सांगून राहिली ना, म्हणून मला खरं वाटंना.”

उरलेली पत्रकं मी वाटली. लोकांनी घेतली, घडी केली, खिशात घातली. कुकरवाल्यानं सुद्धा एक घेतलं आणि “काय ताई, कसं चाललंय?” असं विचारलं.

शर्ट मध्यंतरी परत आले. दोन शहरं फिरून, खोक्यातून. दुकानच्या हळदीचा रंग दिव्यांखाली पार उडाला होता. आकाशी शर्ट मी मावशीच्या ओट्यावर ठेवून आले. तिनं तो घेतला. घालते. कॉलरच्या आत अजून क्रमांकाची चिठ्ठी टाचलेली आहे, तिनं काढली नाही, किंवा तिला दिसली नाही.

आज सकाळी वासानं बसवेना म्हणून शिवारात गेले. टोळी त्याच कुकरवर आहे. झाकणाला तार आहे, नवी, उन्हात चमकणारी. चूक बाईची ठरल्यावर कडी कोण बसवणार? त्या ड्रमपाशी रेखा उभी होती, टोपली टेकवून, छातीशी पिवळी होत. तिला जोडीदारीण मिळालेली नाही. भरते तीच आणि ओततेही तीच. तिच्या शर्टावर आता दोन्ही डाग आहेत.

आणि पलीकडच्या बांधावर कौसामावशी बसलेली होती. दोन शेळ्या सोडलेल्या, आकाशी शर्ट, डोक्यावर पदर. बाया म्हणाल्या रोज येते. टोळी येते तेव्हा येते, टोळी उठली की उठते. कुणाशी बोलत नाही. शेळ्या कुठंही जातात, तिचं लक्ष नसतं. तिचं लक्ष झाकणावर असतं.

मी होते तेवढ्यात तार कण्हल्यासारखी वाजली. झाकणाच्या कडेनं वाफेची एक बारीक रेघ सुटली. मला ती दिसायच्या आधीच बांधावरून आवाज आला, “रेखाऽऽऽ! बाजूला व्हय!”

रेखानं मान वळवली नाही. दोन पावलं बाजूला झाली. वाफेची रेघ हळूहळू निवली. मग रेखा पुन्हा त्याच जागी येऊन उभी राहिली.